हात हलतोय म्हणजे हाड मोडलेलं नाही?

रविवारी सकाळचा टेनिस बॉलचा सामना. कव्हरला उभ्या असलेल्या मुलाकडे जोरदार फटका येतो आणि झेल घेताना चेंडू थेट मधल्या बोटाच्या टोकावर आदळतो. क्षणभर कळ येते, तो हात झटकतो आणि पुन्हा उभा राहतो. संध्याकाळी बघतो तर बोटाचं शेवटचं पेर खाली झुकलेलं. दुसऱ्या हाताने सरळ केलं तर होतं, सोडलं की पुन्हा खाली. दुखणं फारसं नाही. घरात कुणीतरी म्हणतं, "बोट हलतंय ना? मग मोडलेलं नाही. आंबेहळद-तुरटीचा लेप लाव." पाच आठवड्यांनी तो माझ्याकडे येतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कारखान्यांच्या पट्ट्यात काम करतो. माझ्याकडे प्रेसवरचे कामगार, रंगारी, गवंडी, शिलाई करणाऱ्या बायका येतात, आणि कबड्डी-क्रिकेट खेळणारी मुलंही येतात. "हलतंय म्हणजे मोडलेलं नाही" हे वाक्य या सगळ्यांच्या तोंडी असतं आणि त्यापायी झालेलं नुकसान मी रोज बघतो. हाड मोडलं तरी त्याला ओढणाऱ्या दोऱ्या शाबूत असतील तर बोट हलतं. उलट हाड शाबूत असून दोरी तुटली, तर एक्स-रे स्वच्छ येतो आणि बोट मात्र वळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक दुखापतीला तिची मुदत असते. काहींची तासांची, काहींची आठ-दहा दिवसांची, काहींची महिन्यांची. कोणती दुखापत कोणत्या मुदतीची हे ओळखता आलं, की अर्धी लढाई तिथेच जिंकता येते.

'शीर' नावाचा घोळ

आपल्याकडे शीर हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी चालतो. हाताच्या मागे निळी दिसते ती रक्तवाहिनी, तीही शीर. मुंग्या येतात तेव्हा "शीर दबली" म्हणतो, ती खरं तर नस, म्हणजे मेंदूकडे संवेदना नेणारी आणि तिथून हुकूम आणणारी तार. आणि "शीर तुटली, बोट वळत नाही" म्हणतो तेव्हा ती असते स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी, चिवट दोरी. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. या लेखापुरतं आपण रक्तवाहिनी, नस आणि दोरी असे तीन शब्द वेगळे ठेवू.

आता एक करून बघा. उजव्या हाताने डाव्या हाताचा कोपराखालचा भाग घट्ट धरा आणि डाव्या हाताची बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा. हालचाल कोपराखाली जाणवेल. बोटांमध्ये स्वतःचे असे स्नायू जवळजवळ नाहीतच. कळसूत्री बाहुलीसारखं आहे हे, ओढणारा वर आणि दोरी खाली बोटाच्या टोकापर्यंत. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत २७ हाडं, आणि त्यांच्यावरून अगदी कातडीखालून जाणाऱ्या या दोऱ्या. म्हणूनच तळहाताला काचेची एवढीशी जखम झाली तरी आत दोरी आणि नस दोन्ही कापलेल्या असू शकतात.

अशी जखम घेऊन कुणी आलं की मी दोन गोष्टी बघतो, त्या घरीही बघता येतील. प्रत्येक बोटाचा प्रत्येक सांधा वेगवेगळा वळवून आणि सरळ करून बघा. मग बोटाच्या दोन्ही कडांना कापसाने हलकेच स्पर्श करून दुसऱ्या हाताशी तुलना करा. एखादा सांधा वळत नसेल किंवा एखादी कड बधिर असेल, तर जखम कितीही छोटी दिसो, नुसते टाके घालून घरी जाऊ नका. हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना, म्हणजे हँड सर्जन, प्लास्टिक सर्जन किंवा ऑर्थोपेडिक सर्जन यांना, दाखवा. कापलेली दोरी पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत जोडणं सोपं असतं. पुढे ती आखडते आणि आजूबाजूला चिकटते. बाहेरची जखम सुंदर भरलेली आणि बोट मात्र कायमचं सरळ, असे हात बघताना जीव तुटतो.

एकाच बोटाच्या दोन उलट दुखापती

त्या क्षेत्ररक्षक मुलाला झालेल्या दुखापतीला मॅलेट फिंगर म्हणतात. शेवटचं पेर सरळ ठेवणारी मागची दोरी तुटते किंवा हाडाचा छोटा तुकडा घेऊन उपटते. तुकडा फार मोठा नसेल आणि सांधा जागेवर असेल तर शस्त्रक्रिया लागत नाही, पण शिस्त लागते. शेवटचा सांधा सरळ ठेवणारी छोटी पट्टी, म्हणजे स्प्लिंट, ६ ते ८ आठवडे दिवसरात्र. बोट धुवायला पट्टी काढली तरी बोट टेबलावर सपाट टेकवून सरळच ठेवायचं. या काळात ते एकदा जरी वाकलं, तर जुळत आलेली दोरी पुन्हा ताणली जाते आणि दिवस पहिल्यापासून मोजायचे. मधला सांधा मात्र मोकळा ठेवायचा, नाहीतर तोही आखडतो. पाच आठवडे उशिरा आलेल्या मुलालाही मी पट्टी लावलीच, कारण या दुखापतीची मुदत मोठी आहे. उशीर झाला तरी बऱ्याचदा गुण येतो.

हिची उलटी बहीण मात्र तशी दयाळू नाही. कबड्डीत पळणाऱ्या चढाईपटूची चड्डी किंवा बनियन बोटांच्या टोकांनी पकडली आणि त्याने हिसका दिला, की बोट वळवणारी पुढची दोरी हाडापासून उपटते. बहुतेक वेळा अनामिकेची. हिला जर्सी फिंगर म्हणतात. बोट जवळजवळ सरळ दिसतं, मधला सांधा वळतो, त्यामुळे "मुका मार लागलाय" म्हणून सोडून देतात. ओळखायचं असं: दुसऱ्या हाताने मधलं पेर सरळ धरून ठेवा आणि फक्त टोक वाकवून बघा. टोक अजिबात वाकलं नाही तर दोरी तुटली असं समजा. ती रबरासारखी आखडून कधी थेट तळहातापर्यंत मागे जाते. इथे पट्टीचा उपयोग नाही, शस्त्रक्रियाच लागते, आणि तीही साधारण ७ ते १० दिवसांच्या आत. बाहेरून दोन्ही किरकोळ दिसतात. एक पट्टीने बरी होते, दुसरीचे पहिले आठ दिवस वाया गेले की ते परत मिळत नाहीत.

मैदानावर आणखी एक गोष्ट सर्रास चालते. बोट निखळलं की सोबती ते ओढून "बसवतात". बसतंही कधीकधी. पण सांध्यातलं हाड फुटलं असेल तर ते ओढण्याने कळत नाही, आणि मधल्या सांध्याची सूज व कडकपणा महिनोन्‌महिने राहतो. एक्स-रे काढाच. शिवाय मूठ वळून बघा. वळलेली सगळी बोटं अंगठ्याच्या मुळाकडे झुकतात. एखादं बोट शेजारच्यावर चढत असेल तर आत हाड मोडून पिळलं गेलंय. असा पीळ तसाच जुळला तर पुढे कधीच नीट मूठ वळत नाही.

आणि हाताला कुठेही मार लागला तरी सगळ्यात आधी अंगठी, बांगडी, कडं काढा. सूज चढल्यावर ती निघत नाहीत आणि बोटाचा रक्तपुरवठा आवळला जातो. यंत्रावर काम करताना तर अंगठी घालूच नये. ती अडकली की बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते.

तपकिरीचा खड्डा

दुचाकीवरून पडताना किंवा खेळताना आपण तळहात टेकून स्वतःला सावरतो. त्यानंतर मनगट अंगठ्याच्या बाजूला दुखतं, थोडी सूज येते. आता अंगठा वर ताणून बघा. त्याच्या मुळाशी, मनगटाच्या मागच्या बाजूला दोन दोऱ्यांच्या मध्ये एक छोटा खड्डा पडतो. जुनी माणसं तपकीर ओढायची तेव्हा चिमूट याच खड्ड्यात ठेवायची, म्हणून शरीरशास्त्रात त्याचं नावही तपकिरीची डबी असंच आहे. या खड्ड्यात दाबल्यावर कळ आली तर स्कॅफॉइड नावाचं होडीच्या आकाराचं छोटं हाड मोडलेलं असण्याची शंका घ्यायची.

या हाडाचा स्वभाव विचित्र आहे. त्याला रक्त अंगठ्याकडच्या टोकातून मिळतं आणि तिथून ते उलट, कोपराच्या दिशेने वाहत जातं. मधोमध मोडलं की मागचा तुकडा उपाशी पडतो, म्हणून ते जुळायला वेळ लागतो आणि कधी जुळतच नाही. त्यात पहिल्या दिवसाच्या एक्स-रेमध्ये ही भेग पुष्कळदा दिसत नाही. रिपोर्ट "नॉर्मल" येतो, रुग्ण खूश होऊन घरी जातो. जाणकार डॉक्टर अशा वेळी एक्स-रेवर विसंबत नाहीत. खड्ड्यात दुखत असेल तर तात्पुरतं प्लास्टर घालतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा आधीच एमआरआय करतात. मोड असेल तर ८ ते १२ आठवडे प्लास्टर, तुकडे सरकले असतील तर स्क्रू. दुर्लक्ष केलं तर मनगट कित्येक वर्षांनी झिजून बोलायला लागतं, आणि तोवर तो पडल्याचा दिवस कुणाच्या लक्षातही नसतो.

ज्यांची मुदत तासांत असते

पॉवर प्रेस, कडबाकुट्टी, मळणी यंत्र, रसवंतीचा चरक. या यंत्रांनी तुटलेली बोटं मी शस्त्रक्रियेनंतर बघतो, आणि पहिल्या अर्ध्या तासात काय झालं यावर पुढचं किती ठरलं होतं हे तेव्हा कळतं.

बोट तुटलं तर आधी रक्त थांबवा. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून जोराने दाबा आणि हात हृदयाच्या वर धरा. बहुतेक रक्तस्राव याने थांबतो. तार किंवा सुतळी करकचून बांधू नका, त्याने उरलेल्या भागाचं नुकसान होतं. जखमेत हळद, चहापूड, तंबाखू, ग्रीस, काहीही भरू नका. मग तुटलेला भाग शोधा. पाण्याने हलकेच धुवा, ओलसर स्वच्छ कापडात किंवा गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुटलेला भाग थेट बर्फावर नको, थेट पाण्यात बुडवूनही नको. बर्फाने पेशी गोठून मरतात आणि पाण्याने फुगतात. असं थंड ठेवलेलं बोट साधारण २४ तासांपर्यंतही जोडता येऊ शकतं, कारण बोटात स्नायू नसतात. मनगटाच्या वर हात तुटला तर मात्र थंड न ठेवता ६ तासांच्या आसपासच मुदत असते. १०८ ला फोन करा आणि सूक्ष्मशस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयाला वाटेतूनच कळवा. भाग चेंगरलेला असला तरी टाकून देऊ नका, त्याची कातडी किंवा हाड वापरता येतं.

याहून फसवी जखम म्हणजे ग्रीस गन किंवा रंगाच्या स्प्रे गनची. दाबाने बोटात रंग घुसतो. वरून टाचणी टोचल्याएवढं भोक, दुखणंही सुरुवातीला कमी. दोन तासांनी बोट ठणकायला लागतं. आत रंग किंवा तेल दोऱ्यांच्या नळीतून तळहातापर्यंत पसरलेलं असतं आणि ते पेशी जाळत असतं. त्या छोट्या भोकाकडे बघून "उद्या दाखवू" म्हटलं तर बोट गमवावं लागू शकतं. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ही एक गोष्ट ठाऊक असायलाच हवी.

तिसरी तासांची मुदत म्हणजे हात चेंगरल्यावर किंवा घट्ट बांधल्यावर आत वाढणारा दाब. स्नायू एका न ताणणाऱ्या वेष्टणात असतात. आत सूज वाढली की रक्त पोहोचेनासं होतं. लक्षण एकच लक्षात ठेवा: औषध घेऊनही वेदना वाढत जाते आणि दुसऱ्या कुणी बोटं सरळ केली तर असह्य होते. मुंग्या, बधिरपणा, पांढरी-निळी-गार बोटं ही त्यानंतर येतात, त्यांची वाट बघू नये. हाडवैद्याकडे कामट्या लावून आवळून बांधलेले हात मी असे पाहिले आहेत, आणि दवाखान्यातलं घट्ट झालेलं प्लास्टरही याला अपवाद नाही. जर्मन सर्जन रिखार्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलं होतं की आवळलेल्या बंधनाने रक्त अडून स्नायू मरतात आणि पंजा कायमचा वाकडा होतो. आजही त्या वाकड्या पंजाला त्यांचंच नाव आहे. अशी लक्षणं दिसली तर मध्यरात्री का होईना, रुग्णालयात जाऊन बंधन पूर्ण कापून घ्यायचं. दाब उतरला नाही तर शस्त्रक्रियेने वेष्टण उघडावं लागतं.

चेंगरलेल्या हाताची हाडं जोडताना जखमही उघडी ठेवून धुवायची असते, तिथे प्लास्टर चालत नाही. मुंबईचे हँड सर्जन डॉ. बी. बी. जोशी यांनी त्यासाठी बारीक तारा आणि बाहेरून जोडलेल्या सळ्यांची एक हलकी चौकट तयार केली. 'जेस' नावाने ती देशभर वापरली जाते आणि लहान मुलांच्या वाकड्या पावलांसाठीही उपयोगी पडते. हातातून तारा बाहेर आलेल्या बघून नातेवाईक घाबरतात, पण त्या तारांमुळेच हाड स्थिर राहतं आणि उरलेली बोटं हलवता येतात.

कामावर इजा झाली असेल तर केसपेपरवर "कामावर, यंत्रावर इजा" असं तारीख-वेळेसह लिहून घ्या. "घरी पडलो" असं सांगायला लावलं तरी सांगू नका. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआय, म्हणजे कामगार विमा योजना, लागू असलेल्या कामगाराचा उपचार आणि अपंगत्वाचा लाभ या नोंदीवर अवलंबून असतो.

हळूहळू मुरणारी दुखणी

रात्री दोन-तीनला हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर, करंगळी मात्र ठीक. हे कार्पल टनेलचं जवळजवळ पाठ केलेलं वर्णन आहे. मनगटाच्या पुढच्या बाजूला एक अरुंद बोळ आहे. त्यातून नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. दोऱ्या सुजल्या की नस दबते. सतत जोराने पकडणं, थरथरणारं ब्रेकर किंवा ग्राइंडर धरणं, मनगट वाकवून तासन्‌तास काम करणं हे त्याला कारण. गरोदरपण, मधुमेह आणि थायरॉइड हेही. संगणकाच्या कीबोर्डला लोक जितका दोष देतात तितका त्याचा दोष नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी दीड महिना लावली की सौम्य त्रास बऱ्याचदा बसतो. वस्तू हातातून पडायला लागल्या किंवा अंगठ्याखालचा उंचवटा खपाटीला जायला लागला तर थांबायचं नाही, छोट्या शस्त्रक्रियेने बोळ मोकळा करून घ्यायचा. मुंग्या करंगळीला असतील तर दुखणं बहुतेक वेळा कोपरापाशी दबलेल्या वेगळ्या नसेचं आहे.

सकाळी बोट अडकतं आणि "टक" करून सुटतं, ते ट्रिगर फिंगर. अंगठ्याच्या बाजूचं मनगट पिळताना कळ येते, ते डी क्वेर्वेनचं दुखणं, १८९५ मध्ये स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी वर्णन केलेलं. तान्ह्या बाळाला काखेत हात घालून पुन्हा पुन्हा उचलणाऱ्या आयांना ते इतक्या वेळा होतं की मी आधी बाळाचं वय विचारतो. तिला "विश्रांती घे" सांगून उपयोग नसतो. तळहात वर करून, बाळाला खालून ओंजळीत घेतल्यासारखं उचलायला शिकवलं आणि अंगठ्याला आधाराची पट्टी दिली की पुष्कळ आराम पडतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं टेनिस एल्बो तर सचिन तेंडुलकरमुळे २००४ मध्ये घरोघरी पोहोचलं. त्याला पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया करावी लागली, पण स्क्रू ड्रायव्हर आणि पाने चालवणाऱ्या बहुतेकांना ती लागत नाही.

बशीतला लाडू

खांद्याचा सांधा खोल वाटीतल्या लाडवासारखा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो बशीत ठेवलेल्या लाडवासारखा आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याला टेकण्यासाठी फऱ्याच्या हाडाची खोबण अगदी उथळ. म्हणून हात सगळ्या दिशांना फिरतो, आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांमध्ये खांदा सर्वांत जास्त वेळा निखळतो. लाडू बशीवर धरून ठेवण्याचं काम कडेची मऊ झालर, भोवतालची लिगामेंट (हाडाला हाड बांधणारे पट्टे) आणि चार छोटे स्नायू करतात. या चार स्नायूंच्या दोऱ्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात.

२३ मार्च २०२१ ला पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात श्रेयस अय्यरने चेंडू अडवायला सूर मारला आणि त्याचा डावा खांदा जागेवरून सरकला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो मैदानावर परतला सप्टेंबरमध्ये. व्यावसायिक खेळाडूला, सगळ्या सोयी हाताशी असताना, पाच-सहा महिने लागले. गावातल्या कबड्डीपटूने तीन आठवड्यांत मॅटवर उतरायची घाई का करू नये, हे सांगताना मला हे उदाहरण नेहमी आठवतं.

निखळलेला खांदा ओळखता येतो. गोलाई जाऊन खांदा चौकोनी दिसतो आणि माणूस तो हात दुसऱ्या हाताने सांभाळून धरतो. काखेत पाय देऊन हात ओढणं थांबवा. आत हाड मोडलेलं असेल तर ओढण्याने नस किंवा रक्तवाहिनी फाटू शकते. गळ्यात झोळी घाला, दंडाच्या बाहेरच्या भागावर स्पर्श कळतोय का बघा, बोटं हलतात का बघा आणि रुग्णालयात न्या. खांदा बसवण्याआधी आणि बसवल्यावर एक्स-रे व्हायला हवा.

पुढचा धोका वयानुसार बदलतो. विशीच्या आतल्या खेळाडूचा खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, म्हणून त्याच्या बाबतीत पहिल्याच वेळी सर्जनशी शस्त्रक्रियेबद्दल बोलणं योग्य. चाळिशीपुढच्या माणसाचा खांदा सहसा पुन्हा निखळत नाही, पण निखळताना कफ फाटलेला असू शकतो. दोन आठवड्यांनीही हात स्वतःहून वर जात नसेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय हवाच.

एक प्रकार मात्र दवाखान्यातही निसटतो. विजेचा धक्का बसल्यावर किंवा फिट आल्यावर खांदा मागच्या बाजूला निखळतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो जवळजवळ ठीक दिसतो. खूण ही की हात बाहेरच्या दिशेला वळतच नाही. वायरमनचं काम करणाऱ्यांनी आणि त्यांना तपासणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं पाहिजे. अशा वेळी बाजूने काढलेला एक्स-रे मागा.

गळपट्टीचं हाड, म्हणजे कॉलरबोन, मोडलं तर बहुतेक वेळा झोळीत जुळतं. कातडी ताणली गेली असेल, हात बधिर असेल किंवा तुकडे फार लांब गेले असतील तर मात्र सर्जनने बघायला हवं.

रंगाऱ्याचा खांदा आणि मधुमेह्याचा खांदा

छत रंगवणाऱ्या माणसाचा हात दिवसभर डोक्याच्या वर असतो. कफची दोरी वरच्या हाडाखालून पुन्हा पुन्हा घासते, सुजते, झिजते. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते आणि तो टप्पा ओलांडला की कमी होते. त्या कुशीवर झोपता येत नाही. गोलंदाज, पोहणारे, भिंतीला गिलावा करणारे, पोती उचलणारे हमाल, सगळ्यांची तक्रार हीच. यावर पहिला उपचार व्यायाम, आणि तो किमान तीन महिने. एमआरआयमध्ये "टिअर" (म्हणजे फाटलेलं) हा शब्द वाचून लगेच ऑपरेशन टेबल डोळ्यांसमोर आणू नका. साठीपुढच्या कितीतरी माणसांच्या कफला चिरा असतात आणि त्यांचा खांदा दुखतही नाही. पण पडल्यावर एकाएकी हातातलं बळ गेलं असेल, तर कफ नुकताच फाटलेला असू शकतो. तिथे काही आठवड्यांतच निर्णय घ्यावा लागतो.

फ्रोझन शोल्डर वेगळं. तिथे सांध्याची पिशवीच आखडते. ओळख सोपी आहे: कोपर कुशीला टेकवून हात बाहेर वळवा. तो जात नाही, आणि दुसऱ्या कुणी वळवला तरी जात नाही. कफच्या दुखण्यात दुसऱ्याने नेला तर जातो. हे साधारण ४० ते ६० या वयात, बायकांना अधिक, आणि मधुमेह असलेल्यांना तर फार. खांदा आखडून आला आणि साखर कधी तपासलीच नव्हती, अशी माणसं मी पाहिली आहेत. आधी दुखण्याचा काळ, मग कडकपणाचा, मग हळूहळू सुटण्याचा, असा प्रवास एक ते तीन वर्षांचा. दुखण्याच्या काळात जोर लावून हात वर रेटू नये, त्याने आखडणं वाढतं. त्या वेळी सांध्यात दिलेलं इंजेक्शन उपयोगी पडतं, मात्र त्यानंतर काही दिवस साखर चढते, तेव्हा ती मोजत राहा.

आणि डाव्या खांद्याचं दुखणं हात हलवल्याने कमी-जास्त होत नसेल, सोबत घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल, तर ते खांद्याचं नव्हे. थेट इमर्जन्सी गाठा.

घरी काय करायचं

पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी १५ ते २० मिनिटं, आणि हात उशीवर उंच. या काळात शेक, चोळणं, तेल लावून मालीश नको. कोपराच्या ताज्या दुखापतीवर जोरात मालीश केली तर स्नायूत हाड तयार होऊ शकतं आणि सांधा कायमचा अडू शकतो. लेप अखंड कातडीवर लावल्याने नुकसान नाही, पण लेपापायी एक्स-रे लांबवू नका. मूत्रपिंडाचा किंवा पोटाच्या अल्सरचा त्रास असेल तर वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच.

झोळीत किंवा प्लास्टरमध्ये असताना जे मोकळं आहे ते हलवत राहा. दर तासाला दहा वेळा मूठ वळा-उघडा. प्लास्टर मनगटाला असेल तर हात डोक्यावर नेत जा. माझ्याकडे येणाऱ्यांचं मोडलेलं हाड बहुतेक वेळा जुळलेलं असतं, त्यांचा झगडा असतो तो न हललेल्या सांध्यांशी.

खांद्यासाठी मी जे शिकवतो त्याला यंत्र लागत नाही. टेबलावर एक हात टेकून वाका आणि दुखरा हात सैल सोडून लंबकासारखा झुलवा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढा, कालच्या उंचीवर पेन्सिलने खूण करा. पुढे दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून, कोपर कुशीला टेकवून, हात बाहेर खेचा, दहा-दहाचे तीन फेरे. व्यायामाने थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं असेल तर निम्म्यावर या.

गेल्या वर्षी एक रंगारी तीन महिने हे करत होता. खांदा सुधारला, तरी कामावर गेला की पंधरा दिवसांत पुन्हा दुखायचा. शेवटी मी त्याला काम कसं करतो ते करून दाखवायला सांगितलं. तो शिडीच्या चौथ्या पायरीवर उभा राहून हात पूर्ण ताणून छताला ब्रश लावत होता. आता तो दोन पायऱ्या वर चढतो, कोपर वाकलेलं ठेवतो, रोलरला लांब दांडा लावतो आणि दर वीस मिनिटांनी खाली उतरून भिंतीचं काम करतो. दिवाळीच्या हंगामात त्याने सलग सहा आठवडे काम केलं.